रमजान-ईदची सजावट घरच्या वस्तूंतून : मुलांसोबत काय करावं, काय टाळावं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान जवळ आला होता. मी सहावीच्या वर्गाला कार्यानुभवाच्या तासाला सांगितलं, "उद्या येताना प्रत्येकाने घरातल्या टाकाऊ वस्तू आणा. रिकामे डबे, बाटल्या, पुठ्ठे, काहीही चालेल. आपण ईदची सजावट करू." दुसऱ्या दिवशी मुलांनी पिशव्या भरभरून सामान आणलं. खजुराच्या पेट्या, सरबताच्या बाटल्या, मोबाइलचे खोके, बिस्किटांचे डबे. एक मुलगा मात्र रिकाम्या हाताने आला होता. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "विसरलास का?" तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, हमारे घर में फेकने का कुछ रहताच नै."

बाकीची मुलं हसली. मला मात्र हसू आलं नाही. तो खरंच बोलत होता. त्याच्या घरी रिकाम्या डब्यात डाळ भरली जाते, बाटलीत तेल येतं, पुठ्ठा अंथरुणाखाली जातो आणि वर्तमानपत्र किलोवर विकलं जातं. जुन्या साड्यांची त्याची अम्मी गोधडी शिवते. 'टाकाऊ वस्तू आणा' हे माझं वाक्य भरलेल्या घरातून आलेलं होतं. बीएड करताना पाठाच्या टाचणात 'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द मी कितीदा लिहिले असतील. पण टाकायला आधी घरात काहीतरी जास्तीचं असावं लागतं, हे मला त्या मुलाने शिकवलं.

हा लेख मुलांसोबत घरच्या वस्तूंतून सजावट कशी करायची याबद्दल आहे. कृती पुढे दिल्याच आहेत. पण आधी ही गोष्ट सांगितली, कारण सजावट स्वस्तात होणं एवढ्यावर काम भागत नाही. ती करताना कुठल्याही मुलाला मान खाली घालावी लागू नये, हे जास्त महत्त्वाचं आहे.

सामान एकत्र गोळा करा

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. आता 'घरून आणा' असं मी म्हणत नाही. शाबान महिना लागला की वर्गात एक मोठं खोकं ठेवते. किराणा दुकानदाराकडून पुठ्ठे, मेडिकलमधून औषधांची रिकामी खोकी, शिंप्याकडून कापडाच्या चिंध्या, अंडीवाल्याकडून फाटके ट्रे असं सामान मीच दोन-चार मुलांना सोबत घेऊन आणते. सगळं एकाच खोक्यात पडतं. कोणाच्या घरून काय आलं, हे मग कोणी विचारत नाही.

हेच मोहल्ल्यात करता येतं. दोन-तीन घरांतल्या आयांनी मिळून एक खोकं ठेवायचं आणि सगळ्यांच्या मुलांना एकाच ओट्यावर बसवायचं. आमच्या पिंपळीसारख्या गावात तर हे आणखी सोपं आहे. इथे बारामती-इंदापूर तालुक्यात द्राक्षं आणि डाळिंबं भरपूर, त्यामुळे फळांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या सहज मिळतात. शेतकऱ्याला विचारलं तर तो फाटकी पेटी आनंदाने देतो.

आणि एक विनंती ज्यांची ऐपत आहे त्यांना. तुम्ही बाजारातून हजार-दोन हजारांचं सामान आणलंत, आणि शेजारच्या मुलाला 'तू घरी बनव' म्हणालात, तर हाताने बनवणं ही गरिबीची खूण होऊन बसते. तुमची मुलंही त्याच ओट्यावर बसून तीच पताका कापू लागली, तर ती सगळ्यांची हौस होते. वाचलेल्या पैशाचं काय करायचं हे सांगायला नको. फित्रा ईदच्या नमाजच्या आधी द्यायचा असतो. सदका-खैरात तर कधीही देता येते. मुलांच्या देखत हिशोब करा: "आपण इतके रुपये वाचवले, ते आता कुठे द्यायचे?" हा हिशोब त्यांच्या लक्षात राहतो.

हे आपल्यात चालतं का?

हा प्रश्न पालकसभेत मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. मी शिक्षिका आहे, आलिमा नाही, त्यामुळे मसला आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावा. माझी समजूत एवढीच, की सजावट ही इबादत नाही. ती घराची हौस आहे, आणि हौसेला हद्द असावी. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये मना आहे, यावर कोणाचंच दुमत नाही. सजावटीपायी तरावीह बुडत असेल किंवा उसने पैसे काढावे लागत असतील, तर ती हौस राहिली नाही.

सणाला हाताने काही बनवण्याची रीत जगभर आहे. इजिप्तमध्ये रमजानमध्ये घरोघरी, गल्लोगल्ली 'फानूस' लावतात. पत्रा आणि रंगीत काच यांचा तो कंदील असतो आणि कैरोचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तो हाताने घडवत आले आहेत. एवढं लांब जायचीही गरज नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात दिवाळीला मुलं दगड, माती आणि जुनं पोतं घेऊन अंगणात किल्ला उभा करतात. त्याला खर्च जवळजवळ शून्य, आणि आनंद आठवडाभराचा. आमच्या आळीतल्या किल्ल्याची माती कालवायला आमची मुलं असतात. मग ईदच्या पताका कापायला शेजारची मुलं येतात, त्यात नवल ते काय?

पुण्याच्या अरविंद गुप्ता सरांचं नाव शिक्षकांना माहीत असतं. आयआयटी कानपूरला शिकलेला हा इंजिनियर. १९७० च्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यातल्या मुलांसोबत काम करताना त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार बनवायला शिकवले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी बनवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट घेतली: वस्तू फुकटची असली की मूल ती मोडायला घाबरत नाही, आणि मोडून पाहिल्याशिवाय शिकत नाही. बाजारातली महागडी झालर आणली की आपण मुलाला पहिलं वाक्य काय म्हणतो? "हात लावू नको."

कात्री लावण्याआधी कागद वाचा

आपल्या घरांसाठी ही सूचना सगळ्यात आधी. जुन्या लग्नपत्रिका सजावटीला फार छान असतात. जाड कागद, सोनेरी नक्षी. पण आपल्या पत्रिकांवर बिस्मिल्लाह असते, आयत असते, अल्लाह-रसूलची नावं असतात. 'अब्दुल्लाह', 'रहमान' अशा माणसांच्या नावांतही अल्लाहचं नाव येतं. उर्दू वर्तमानपत्रात तर जवळपास रोज कुठे ना कुठे आयत किंवा हदीस छापलेली असते. असा कागद कापून पताका केली आणि ती वाऱ्याने पडून पायाखाली आली, तर आपल्यालाच वाईट वाटणार.

म्हणून आधी मुलांना कागद वाचायला लावा. जिथे असा मजकूर असेल तो भाग वेगळा काढून एका पाकिटात ठेवा. बहुतेक मशिदींमध्ये असे कागद अदबीने ठेवण्याची सोय असते, तिथे ते द्या. उरलेला नक्षीचा भाग बिनधास्त वापरा. यात एक फायदाही होतो. ज्या मुलांचं उर्दू वाचन कच्चं असतं, ती या निमित्ताने अक्षर अक्षर लावत वाचतात. मी वर्गात हे काम मुद्दाम अशा मुलांकडेच देते.

खळ घरीच करा

डिंकाच्या बाटल्या आणायची गरज नाही. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा किंवा गव्हाचं पीठ गुठळी न होता कालवा. मंद आचेवर ढवळत राहा. घट्ट आणि चकचकीत झालं की उतरवा. दोन दिवस टिकावी म्हणून चिमूटभर तुरटीची पूड घाला. जुन्या लोकांना खळीत मोरचूद घालायची सवय असते. मुलं हात लावणार असतील तर मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे. गॅसजवळचं काम मोठ्यांनी करायचं.

आता पाच वस्तू. सोप्यापासून अवघडाकडे.

१. पताका

वय पाच वर्षांपासून पुढे. दहा फूट सुतळी किंवा जुना नाडा घ्या. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण नमुना म्हणून कापा, वरची बाजू पाच इंच आणि उंची सहा इंच. कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा आणि कापा. वर अर्धा इंच कागद जास्तीचा सोडा, तो सुतळीवरून दुमडून खळीने चिकटवायचा.

कापण्याआधी मुलांना गणित घाला: दोन पताकांमध्ये एक इंच मोकळी जागा सोडली तर दहा फुटांत किती पताका बसतील? दहा फूट म्हणजे १२० इंच. एक पताका आणि मोकळी जागा मिळून सहा इंच. म्हणजे वीस. तिसरी-चौथीचं मूल हे बोटांवर करतं, आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे सुतळीच सांगते.

कापडाच्या चिंध्यांची पताका केली तर ती तीन-चार ईदी टिकते. तिला खळ नको, साधा धावदोरा घातला की झालं.

२. चाँद

फळांच्या पेटीचा पुठ्ठा घ्या. त्यावर दहा इंचाची ताटली पालथी ठेवून गोल काढा. मग आठ इंचाची छोटी ताटली आत ठेवा, पण मधोमध नाही. ती एका बाजूने मोठ्या गोलाच्या दोन बोटं बाहेर जायला हवी. छोटा गोल आखून घ्या, आणि आतला भाग कापून टाका. उरतो तो चाँद. पुठ्ठा जाड असल्याने कापायचं काम मोठ्यांचं. चहाच्या पुड्याच्या आतली चंदेरी बाजू त्यावर चिकटवली तर चमकी विकत आणायला नको. सुतळी गुंडाळली तरी सुंदर दिसतो.

आता तो टांगायचा कसा? आपण चाँद उभा टांगतो, इंग्रजी सी अक्षरासारखा. पण ईदचा चाँद तुम्ही खरंच कसा पाहिलाय, आठवा. मगरिबनंतर पश्चिमेला, जिथे सूर्य बुडाला त्याच्या थोडं वर, एक बारीक रेघ. चंद्राचा उजळलेला भाग नेहमी सूर्याच्या दिशेला असतो. सूर्य नुकताच क्षितिजाखाली गेलेला, म्हणून चाँदचं पोट खाली आणि टोकं वर. आपल्या भागात तो बहुतेक वेळा होडीसारखा, किंचित कललेला दिसतो. तेव्हा दोन्ही टोकांना दोरा बांधून होडीसारखा टांगा. मुलं विचारतात, "मॅडम, उलटा लागलाय." मग त्यांना आकाशाकडे बघायला सांगायचं.

आणि तारा? चाँदच्या पोटात तारा काढतात, ती नक्षी आहे. खऱ्या आकाशात तिथे तारा दिसूच शकत नाही, कारण तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो आणि तारे त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणून आम्ही तारा वेगळ्या दोऱ्याने शेजारी टांगतो. नक्षी चुकीची आहे असं नाही. पण मुलाला नक्षी आणि आकाश यांतला फरक कळला, तर बरंच काही कळलं.

३. पत्र्याचा कंदील

हे काम मोठ्या मुलांसाठी, आणि मोठ्या माणसाच्या सोबतीनेच. पत्र्याचा रिकामा डबा धुऊन घ्या. तोंडाची कापलेली कड धारदार असते, ती पक्कडीने आत दाबून सपाट करा. बाहेरून कागदावर नक्षी काढून चिकटवा: चाँद, तारे, मेहराब, काहीही. डबा नुसता ठेवून खिळा ठोकला तर चेपतो. म्हणून डब्यात बसेल असा लाकडाचा ओंडका आत सरकवा, आणि मग नक्षीच्या रेषेवर हातोडीने बारीक खिळा ठोकत जा. भोकं सारख्या अंतरावर आली की आत दिवा लावल्यावर भिंतीवर नक्षी उमटते. भोकांच्या आतल्या बाजूला पत्र्याची टोकं राहतात, तिथे बोट घालायचं नाही, हे मुलांना दाखवूनच सांगा.

४. तीस खणांचं कॅलेंडर

मुलांना सगळ्यात जास्त आवडणारी वस्तू हीच. रिकाम्या काडेपेट्या तीस लागतात. एका घरात एवढ्या जमत नाहीत, म्हणून रजबपासूनच सगळ्या आळीने साठवायच्या. काड्या एकही आत राहिलेली नाही हे मोठ्यांनी तपासायचं, आणि घासायच्या बाजूवर कागद चिकटवायचा. पाच आडव्या आणि सहा उभ्या अशा तीस पेट्या खळीने एकमेकींना चिकटवा. वरून जड वही ठेवून रात्रभर वाळू द्या. प्रत्येक खणाला मणी किंवा गाठ मारलेला दोरा ओवून मूठ करा, आणि १ ते ३० आकडे लिहा. उर्दू आकडे एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला.

प्रत्येक खणात एक चिठ्ठी. रोज इफ्तारच्या आधी एक खण उघडायचा. चिठ्ठीत काय लिहायचं? खर्चाचं काही नको. आमच्या घरच्या काही चिठ्ठ्या अशा होत्या:

- आज नानीला फोन करून तिच्या लहानपणच्या ईदची गोष्ट विचार.
- मशिदीबाहेरच्या चपला ओळीत लाव. कोणाला सांगू नको.
- शेजारच्या काकूंकडे इफ्तारीची ताटली घेऊन जा.
- अम्मी आज भांडी घासणार नाही. कोण घासणार ते तुम्ही ठरवा.
- एक मूठ तांदूळ वेगळे काढ.
- ज्याच्याशी भांडलास त्याला आज सलाम कर.

आणि तिसावा खण? चंद्राचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो. म्हणून आपला महिना कधी २९ चा, कधी ३० चा. बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २९ व्या संध्याकाळी चाँद दिसला तर तिसावा खण उघडायचाच नाही, सरळ ईद. दिसला नाही तर एक रोजा आणि एक चिठ्ठी आणखी. त्या संध्याकाळी मुलं छतावर जातात ती नुसती गंमत म्हणून जात नाहीत. खण उघडायचा की नाही, हे त्यांना ठरवायचं असतं.

५. ईदीची पाकिटं आणि ट्रेची फुलं

भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या वर्षाचं पान जाड आणि गुळगुळीत असतं. त्याचा आठ इंचाचा चौकोन कापा. तो तिरपा ठेवून दोन बाजूंची टोकं मधोमध आणा, खालचं टोक वर दुमडून चिकटवा, वरचं टोक झाकणासाठी सोडा. झालं ईदीचं पाकीट. दहा रुपयांची नोट असली तरी मुलाच्या हाताने बनवलेल्या पाकिटात तिची किंमत वाढते.

अंड्याच्या ट्रेचा एकेक कप कापला की चार पाकळ्यांचं फूल होतं. हळदीचं पाणी, बिटाचं पाणी, चहाचं गाळलेलं पाणी यांत बुडवून वाळवा. पिवळं, गुलाबी, तपकिरी असे रंग येतात. ते फिके असतात, पण नजरेला बरे वाटतात. ट्रे वापरून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, अंड्याच्या टरफलाची घाण त्याला लागलेली असते.

दिव्याची काळजी

हा भाग कृपया घाईत वाचू नका. काही वर्षांपूर्वी मी स्वतः कागदाच्या कंदिलात मेणबत्ती लावून खिडकीत ठेवली होती. इफ्तारची गडबड, मी स्वयंपाकघरात. वाऱ्याने पडदा हलला आणि कडेला जळाला. घरातल्या मोठ्यांनी लगेच पाणी ओतलं, अल्लाहने वाचवलं. तेव्हापासून आमच्या घरी कागद, कापड किंवा पुठ्ठ्याच्या कुठल्याही वस्तूत पेटता दिवा जात नाही. पत्र्याच्या कंदिलातही मेणबत्ती लावायची असेल तर तो मोकळ्या ओट्यावर, समोर मोठं माणूस बसलेलं असताना, आणि सोबत पाण्याची बादली.

मग सेलवरचे छोटे दिवे लावावेत का? त्यातही एक धोका आहे, आणि तो अनेक पालकांना माहीत नसतो. बाजारात मिळणाऱ्या छोट्या प्लॅस्टिकच्या मेणबत्त्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. पोट दुखतंय का याची वाट बघू नका, उलटी करवू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर असे दिवे आणूच नका. आणायचेच असतील तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते बघा. भिंतीवरच्या घड्याळाच्या पेन्सिल सेलवर चालणारी माळ त्यामानाने बरी. विजेची माळ असेल तर तार सोललेली नाही ना ते तपासा, आणि झोपताना बंद करा.

काय आणू नये

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ठराविक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. सजावटीचा थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे आणि फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या त्या यादीत आहेत. ईदला हातात प्लॅस्टिकचे छोटे झेंडे देण्याची सवय आता सोडायलाच हवी. आणि चमकी? ती बहुतेक वेळा प्लॅस्टिकचीच बारीक भुकटी असते. केर काढला तरी निघत नाही, शेवटी गटारात आणि शेतात जाते. आपला हा भाग नीरेच्या कालव्यावर जगतो. पाण्यात काय जातं याची काळजी आपल्याला इतरांपेक्षा जास्त असायला हवी.

ईद झाली की सजावट उतरवायची, तीही मुलांसोबतच. कापडी पताका घडी करून ठेवा. काडेपेट्यांचं कॅलेंडर जपून ठेवा, पुढच्या रमजानला फक्त चिठ्ठ्या बदलायच्या. पत्र्याचा कंदील अभ्यासाच्या टेबलावर पेन ठेवायला होतो. कागद आणि पुठ्ठा रद्दीत. उरलेलं काहीही शेताच्या बांधावर पाचटासोबत पेटवून देऊ नका. प्लॅस्टिकचा धूर लहान मुलांच्या आणि दम्याच्या माणसांच्या छातीत जातो.

वेळ कधी काढायचा?

रमजानमध्ये आयांना श्वास घ्यायला फुरसत नसते हे मला माहीत आहे, मीही त्यातलीच. म्हणून सजावट शाबानमध्ये उरका. दोन रविवार पुरतात. एक रविवार कापायला, एक चिकटवायला. रमजानमध्ये फक्त रोजचा खण उघडायचा. ज्या लहान मुलांनी हौसेने रोजा धरलाय त्यांचा अस्रनंतरचा शेवटचा तास अवघड जातो. तेव्हा ईदीची पाकिटं दुमडायला द्या. आणि हे काम फक्त अम्मीचं नाही. खिळा-हातोडी अब्बूंनी हातात घ्यावी. दादा-दादींनी सुतळी धरून बसावं.

त्या मुलाचं पुढे काय झालं? पुढच्या वर्षी वर्गात सामाईक खोकं होतं. शिंप्याकडच्या चिंध्यांचा ढीग पडला होता, पण पताकेला धावदोरा घालता येईना. टाके वाकडे, दोरा गुंतलेला. तेव्हा तो उठला. गोधडी शिवताना अम्मीच्या शेजारी बसून त्याचा हात तयार झालेला. त्याने सुई कशी धरायची, दोरा किती लांब घ्यायचा, गाठ कुठे मारायची हे सगळ्यांना दाखवलं. गेल्या वर्षी हसलेली दोन मुलं त्याच्या शेजारी सरकून बसली होती.

ती पताका अजून माझ्याकडे आहे. या ईदलाही लावणार आहे, इन्शाअल्लाह.